खणाखणांचं घर

‘मॉड्युलर’ हा शब्द आपल्या घरात शिरला तो स्वयंपाकघराच्या दारातून. आधी तो पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडे दिसला. मग आपल्या शहरातही शोरूम निघाली आणि बघता बघता हळदीकुंकवाला ‘तुमच्याकडे मॉड्युलर आहे का हो?’ असं विचारलं जाऊ लागलं. पुढचा ‘किचन’ शब्दही गळून पडला, नुसतं ‘मॉड्युलर’! ज्यांच्याकडे आहे त्या दोन ट्रॉल्या ओढून दाखवतात, ज्यांच्याकडे नाही त्या ‘बघू, पुढच्या दिवाळीला’ म्हणतात.

पण मॉड्युलर म्हणजे नेमकं काय? आमच्या भिशीत मी एकदा हा प्रश्न टाकला, तर उत्तरं मोठी मजेशीर आली. ‘चकचकीत सनमायका असतो ते’, ‘ड्रॉवर हळूच आपोआप बंद होतात ते’, आणि सगळ्यात खरं उत्तर, ‘महाग असतं ते!’ हशा पिकला आणि विषय तिथंच राहिला.

अर्थ खरं तर अगदी साधा आहे. ठरावीक मापाचा एक तुकडा घ्यायचा आणि तसेच तुकडे शेजारी शेजारी किंवा एकावर एक रचून मोठी वस्तू उभी करायची. गरज वाढली की आणखी एक तुकडा जोडायचा, घर बदललं की सोडवून न्यायचं. लॅटिनमध्ये ‘मॉड्युलस’ म्हणजे लहानसं माप, त्यावरून हा शब्द आला.

आता तुम्हीच सांगा, हे आपल्याला नवीन आहे का? मराठवाड्यातलं जुनं माळवदाचं घर आठवा. ते चौरस फुटांत कुणी मोजत नव्हतं. ‘पाच खणांचं घर’, ‘दहा खणांचा वाडा’ असंच म्हणायचे. दोन तुळयांच्या मधली जागा म्हणजे एक खण. पोरगं लग्नाचं झालं की घराला आणखी दोन खण जोडायचे. टेबलाचा ड्रॉवर म्हणजेही खण, कपाटाचा कप्पाही खण आणि ओटीत पडतो तोही खण! घर, कपाट आणि चोळी या तिन्हींचं माप एकाच शब्दात सांगणारी आपली भाषा आहे. आणि आजीच्या स्वयंपाकघरातली उतरंड? खाली मोठं मडकं, त्यावर त्याहून लहान, त्यावर आणखी लहान. एकात डाळ, एकात तीळ, एकात गूळ आणि कुठल्या तरी मधल्याच मडक्यात आजीनं आजोबांना न सांगता साठवलेले पैसे. जागा लागायची एका मडक्याची आणि सामान मावायचं सहा मडक्यांचं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे एक इटालियन बाई.

मिलानची उतरंड

अ‍ॅना कास्तेल्ली फेरिएरी तिचं नाव. जन्म १९१८चा, इटलीतल्या मिलान शहरातला. तिथल्या पॉलिटेक्निकमधून ती आर्किटेक्ट झाली, तेही महायुद्धाच्या धामधुमीत. मिलानवर बॉम्ब पडत होते, घरंच्या घरं जमीनदोस्त होत होती, आणि ही घरं बांधण्याचं शिकत होती.

युद्ध संपलं तेव्हा इटलीसमोर पहिला प्रश्न होता तो निवाऱ्याचा. १९४९ साली सरकारनं ‘इना-कासा’ नावाची योजना आणली आणि पुढच्या चौदा वर्षांत कामगार-नोकरदारांसाठी साडेतीन लाखांच्या आसपास घरं उभी केली. दक्षिणेकडच्या शेतकरी कुटुंबांतली माणसं मिलान आणि तुरिनच्या कारखान्यांकडे निघाली होती. मिळालेली घरं लहान. त्यात गावाकडचा अवजड शिसवी पलंग आणि भिंतभर कपाट मावणार कसं? १९४६ सालीच मिलानमध्ये लहान घरांसाठी परवडणाऱ्या साध्या फर्निचरचं प्रदर्शन भरलं होतं. कमी जागेत बसेल, सुटं करता येईल, कारखान्यात एकसारखं निघेल असं सामान हवं, हे तिथल्या आर्किटेक्टांना तेव्हाच उमगलं होतं.

अ‍ॅनाचा नवरा जुलिओ कास्तेल्ली केमिकल इंजिनिअर. त्यानं १९४९ मध्ये ‘कार्टेल’ नावाची कंपनी काढली. साहित्य कोणतं, तर प्लॅस्टिक! त्याचे गुरू प्राध्यापक जुलिओ नात्ता यांनी १९५४ साली पॉलिप्रॉपिलीन तयार केलं आणि १९६३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आज आपल्या ओट्यावरच्या किती डब्यांच्या तळाशी ‘पीपी’ अशी खूण असते बघा. ते हेच.

कार्टेलनं पहिल्या काही वर्षांतच घरगुती भांडीकुंडी करायला घेतली. बादल्या, टब, केर भरायची सुपली. १९५५ साली त्यांच्या झाकणाच्या बादलीला इटलीतलं डिझाइनचं सगळ्यात मोठं पारितोषिक मिळालं, ‘कोंपासो दोरो’, म्हणजे सोन्याचा कंपास. जिनो कोलोंबिनी या डिझायनरनं ती केली होती. एका बादलीला राष्ट्रीय पारितोषिक! वाचताना मला आधी हसू आलं आणि मग पटलंच. ज्या बाईनं लोखंडी बादलीनं पाणी भरलंय तिला विचारा. आपल्याकडेही पितळी घागर जाऊन प्लॅस्टिकची आली तेव्हा डोक्यावरचं पाणी तेवढंच राहिलं, पण भांड्याचं वजन तरी उतरलं. मराठवाड्यातल्या बायकांच्या मानेला त्या घागरीनं जेवढा आराम दिला तेवढा कुठल्या योजनेनं दिला असेल का, कोण जाणे!

आणि मग १९६७ साली अ‍ॅनानं स्वतः एक वस्तू केली. नाव ‘कोंपोनीबिली’, म्हणजे जोडता येण्यासारखे. आधी चौकोनी, पाठोपाठ गोल. गोल डबा म्हणा ना! ३२ सेंटिमीटर व्यासाचा, एबीएस प्लॅस्टिकचा. पुढे सरकतं दार आणि दाराला बोट घालायला एक भोक. बस्स. मूठ नाही, बिजागरी नाही, स्क्रू नाही, गोंद नाही. एका डब्यावर दुसरा बसतो, दुसऱ्यावर तिसरा. तीन डबे रचले की साधारण दोन फूट उंचीचं छोटं गोल कपाट तयार! पलंगाशेजारी ठेवा, न्हाणीघरात ठेवा, मुलांच्या खोलीत ठेवा. दार आत सरकतं, त्यामुळे उघडायला पुढे जागा सोडावी लागत नाही. कोपरे नाहीत, त्यामुळे रांगत्या बाळाच्या कपाळाला टेंगूळ नाही.

म्हणजे उतरंडच की! फरक एवढाच, की उतरंडीच्या तळच्या मडक्यातलं काढायचं तर वरची सगळी उतरवावी लागत. अ‍ॅनाच्या उतरंडीला प्रत्येक खणाला स्वतःचं दार आहे. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आणि पॅरिसच्या पाँपिदू सेंटरच्या संग्रहात ही वस्तू आहे, आणि कारखान्यातून ती आजही निघते. अ‍ॅना २००६ साली गेली.

मीटरवर सोफा, चाकांवर स्वयंपाकघर

त्या काळात इटलीत अशी डोकी एकापेक्षा एक होती. जो कोलंबो नावाच्या डिझायनरनं १९६३ मध्ये ‘बोफी’ कंपनीसाठी चाकांवरचं स्वयंपाकघर केलं. एक पेटी, अंदाजे अर्धा घनमीटरची. त्यात छोटा फ्रिज, शेगडी, भाजी चिरायचा पाट, सुऱ्या-चमच्यांचे ड्रॉवर, सगळं. वीज जोडली की सुरू. वाटलं तर खोलीच्या मधोमध, वाटलं तर गच्चीत! स्वयंपाक करणाऱ्या माणसानं भिंतीकडे तोंड करूनच का उभं राहायचं, गप्पा चालल्यात तिथंच चूल का नेऊ नये, असं ते सुचवणं होतं. पाहुणे आले की हॉलमधल्या हसण्याचे आवाज ऐकत पोळ्या लाटणाऱ्या आपल्यासारख्यांना याचा अर्थ वेगळा समजवावा लागत नाही. हा जो कोलंबो १९७१ मध्ये आपल्या एकेचाळिसाव्या वाढदिवशीच गेला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कला इटालियन घरसजावटीचं मोठं प्रदर्शन भरलं, त्यात त्यानं आखलेलं अख्खं घर होतं. झोपायचं, जेवायचं, आंघोळीचं असे मोजके खण आणि बाकी जागा मोकळी.

आणि चिनी बोएरी! तीही मिलानची, आर्किटेक्ट, जन्म १९२४चा. १९७१ मध्ये तिनं सापासारखा वळणारा सोफा केला. तो कापडासारखा मीटरवर विकायचा अशी कल्पना. जेवढी भिंत तेवढा सोफा! १९७२ मध्ये लॉरा ग्रिझोत्ती या सहकारी बाईबरोबर तिनं ‘स्ट्रिप्स’ नावाचा सोफा केला, त्याला चेनवर निघणारी गोधडीसारखी खोळ होती. चेन ओढा, खोळ काढा, धुवा, परत चढवा. १९७९ साली त्यालाही सोन्याचा कंपास मिळाला. सोफा धुवायचा कसा, हा प्रश्न डिझायनरला पडला यातच सगळं आलं. तो पडायला टेबलाशी एक बाई बसलेली असावी लागली.

तुम्ही म्हणाल, मिलानच्या गोष्टी आम्हाला कशाला? सांगते. इटलीचा तो काळ आपल्या अंगणात उभा होता, स्टँडवर! आपली लाडकी बजाज स्कूटर मुळात इटलीच्या व्हेस्पाची लेक. साठ साली बजाजनं इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या परवान्यानं स्कूटर बनवायला घेतली आणि त्याच धाटणीची ‘चेतक’ १९७२ मध्ये आली. नवरा, बायको, पुढे उभा राहिलेला मुलगा आणि मांडीवरची मुलगी, असं चौघांचं घर त्या दोन चाकांवर मावायचं. लहान जागेत मोठा संसार बसवण्याची ती इटालियन युक्ती आपण डोळे झाकून स्वीकारली होती. त्याच बजाजचा कारखाना १९८५ साली आपल्या वाळूजला आला.

सिडकोतल्या दोन खोल्या

आपलं छत्रपती संभाजीनगर, तेव्हाचं औरंगाबाद, त्या वर्षांत मिलानच्याच वाटेनं चाललं होतं. रेल्वे स्टेशन, चिकलठाणा, मग वाळूज, एमआयडीसी पसरत गेली. बीड, जालना, परभणी, नांदेडकडून माणसं नोकरीला आली. सत्तरच्या दशकापासून सिडकोनं एन-एक, एन-दोन करत नवं शहर वसवलं. दोन खोल्या, मागं मोरी, पुढं तुळशीपुरतं अंगण. गावाकडच्या दहा खणांतून निघालेला संसार दीड खणात बसवायचा होता. तो बसवला कुणी? आपल्या आया-सासवांनी.

माझ्या सासूबाईंचंच सांगते. सासऱ्यांची सरकारी नोकरी, दर तीन-चार वर्षांनी बदली. अंबाजोगाई, हिंगोली, वैजापूर करत शेवटी सिडकोत घर घेतलं. सासूबाईंनी सगळ्या सामानाचं एक माप ठरवलेलं होतं. ‘जे दोघांना उचलत नाही ते घ्यायचं नाही.’ चार पत्र्याच्या ट्रंका, चारही एकाच मापाच्या. दोन-दोन शेजारी ठेवून वर गादी टाकली की दिवाण. एकावर एक रचून वर चादर घातली की रेडिओचं टेबल. बदलीची ऑर्डर आली की चादर काढायची आणि ट्रंका ट्रकमध्ये! शिलाई मशीनचा वरचा फळा दुपारी शिवणाचा, संध्याकाळी माझ्या नवऱ्याच्या अभ्यासाचा. लोखंडी फोल्डिंगची खाट दिवसा दारामागे उभी. त्यांनी जो कोलंबोचं नावही ऐकलं नव्हतं. पण १९७२ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात जी कल्पना लोक तिकीट काढून बघत होते, ती आमच्या सासूबाई हिंगोलीत रोज सकाळी अंथरुणं गुंडाळताना करत होत्या!

फरक कुठं पडला? मिलानच्या बाईंच्या डोक्यातली युक्ती कागदावर उतरली, साच्यात ओतली गेली, तिला नाव आणि पारितोषिक मिळालं. आमच्याकडच्या युक्त्यांना ‘काटकसर’ म्हणतात. कौतुक झालंच तर ‘संसारी आहे हो’ एवढंच.

त्या घरात नंतर एक गोदरेजचं कपाट आलं. गोदरेज कंपनी १९२३ पासून पोलादी कपाटं बनवते, आणि आपल्याकडे लग्नाच्या आंदणात त्याचं स्थान काय होतं ते मी सांगायला नको. ते आलं तेव्हा सासूबाईंनी त्यातला फक्त तिजोरीचा खण मागितला. पण त्यात लगेच घराची कागदपत्रं आली, एलआयसीच्या पॉलिस्या आल्या, मुलांच्या मार्कशीट आल्या. किल्ली त्यांच्या कमरेला होती, खण मात्र सगळ्या घराचा होता. त्यांची स्वतःची म्हणावी अशी वस्तू मला एकच माहीत आहे, ट्रंकेच्या तळाशी ठेवलेली एक पितळी डबी. त्यात त्यांच्या आईची पत्रं होती.

सहा फुटी पुरुषाचं माप

आता पुन्हा त्या ‘मॉड्युलर’कडे वळू. माप म्हटलं की प्रश्न येतो, कुणाचं माप?

चंदिगड शहराची आखणी करणारा जगप्रसिद्ध आर्किटेक्ट ल कॉर्बुझिए. त्यानं चाळिशीच्या दशकात इमारती आणि फर्निचरसाठी मापांची एक पद्धत तयार केली, ‘मॉड्युलर’शी मिळतंजुळतंच तिचं नाव, ‘मोड्युलोर’. तिचा पाया म्हणजे हात वर करून उभा असलेला एक पुरुष, उंची १.८३ मीटर, म्हणजे सहा फूट. आधी पावणेदोन मीटरचा माणूस घेतला होता. मग सहा फूट का, तर इंग्रजी रहस्यकथांमधले देखणे पोलीस सहा फुटी असतात म्हणून, असा किस्सा सांगितला जातो! म्हणजे ओटा, कपाट, खिडकी यांची मापं काढायची कुणावरून, तर कादंबरीतल्या पोलिसावरून. आणि त्या ओट्याशी जन्मभर उभी राहणार पाच फुटी, फार तर सव्वापाच फुटी बाई.

आमच्या स्वयंपाकघराचं काम निघालं तेव्हा मी मिस्त्रींना विचारलं, ‘ओटा किती उंच करणार?’ ते म्हणाले, ‘बत्तीस-चौतीस इंच. सगळ्यांचा तेवढाच असतो.’ म्हटलं, ‘माझ्या हाताच्या मापानं करा.’ मिस्त्री हसले. चाळीस वर्षं काम करत होते बिचारे. म्हणाले, ‘ताई, आजवर साहेबांनी रंग विचारला, वहिनींनी टाइल विचारली. ओट्याची उंची कुणी स्वतःच्या मापानं सांगितली नव्हती.’

हे माप काढायला काही कॉम्प्युटर लागत नाही. सरळ उभं राहायचं, कोपरात हात काटकोनात वाकवायचा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजायची. त्यातून चार ते सहा इंच वजा करायचे. ती भाजी चिरायची, कणीक मळायची तुमची उंची. शेगडी ठेवायची जागा आणखी दोन-तीन इंच खाली असली तर कढईत डोकवायला खांदे उचलावे लागत नाहीत. घरात सासू-सून दोघी स्वयंपाक करत असतील तर जिचे जास्त तास ओट्याशी जातात तिचं माप घ्यावं. आणि भांडणच होणार असेल तर दोन उंचीचे दोन ओटे करावेत!

दुसरं म्हणजे साहित्य. शोरूममध्ये सगळंच चकचकीत दिसतं. माझ्या मैत्रिणीकडे मोठ्या हौसेनं मॉड्युलर किचन बसवलं आणि दोन पावसाळ्यांत सिंकखालचं कपाट पुरीसारखं फुगलं. आतून लाकडाच्या भुश्शाचा दाबलेला बोर्ड निघाला. तो पाण्याशेजारी टिकत नाही. पाण्याजवळ लागतं ते उकळत्या पाण्यातही न सुटणारं प्लायवूड. त्याच्यावर ‘बीडब्ल्यूपी’ आणि ‘आयएस ७१०’ असा शिक्का असतो. ‘एमआर’ शिक्क्याचं, म्हणजे ‘आयएस ३०३’मधलं साधं प्लाय, बेडरूमच्या कपाटाला ठीक. दुकानदाराला ‘शिक्का दाखवा’ म्हणायला लाजू नये. साडी घेताना आपण पदर उलटा करून बघतोच की.

आणि तिसरी गोष्ट खास आपल्या शहराची. कॅटलॉगमधल्या त्या इटालियन किचनमध्ये पाण्याचा ड्रम कुठं असतो हो? नसतोच! जायकवाडी उशाशी असून आपल्या शहरात वर्षानुवर्षं नळाला दिवसाआडसुद्धा पाणी आलं नाही. मध्ये कितीतरी दिवसांचं अंतर पडायचं. त्यामुळे इथल्या प्रत्येक बाईच्या संसारात एक खण पाण्याचा असतो. ड्रम, टाकी, पिंप, माठ, शिवाय उद्या नळ येणार म्हणून रिकाम्या ठेवलेल्या बादल्या. आमच्याकडे डिझाइन काढायला आलेल्या मुलाला मी ड्रमची जागा दाखव म्हटलं, तर म्हणाला, ‘काकू, ड्रम दिसला तर लूक जातो.’ म्हटलं, ‘बाळा, पाणी गेलं तर काकू जाते!’ शेवटी त्यानं ओट्याच्या टोकाला दोन फुटांची जागा खाली मोकळी सोडली, चाकांच्या पाटावर ड्रम बसवला आणि पुढं दार लावलं. छान झालं. जो कोलंबोला नक्की आवडलं असतं.

एका मावशींचे तीन खण

हे सगळं फर्निचरचं पुराण वाटत असेल, तर एक शेवटची गोष्ट सांगते. माझ्या ओळखीतल्या एक मावशी आहेत. यजमान गेले. दोन मुलगे, दोघंही सुस्वभावी. राहतं घर विकून दोघांनी आपापले फ्लॅट घेतले आणि ‘आई दोघांची’ म्हणून सहा महिने एकाकडे, सहा महिने दुसऱ्याकडे असं ठरलं. भांडण नाही, तंटा नाही. एकाकडे बेडरूमची सगळी भिंत व्यापणारं वॉर्डरोब, दुसऱ्याकडे पलंगाखाली ओढायचे खण. सगळं मॉड्युलर! पण त्या दोन घरांत मिळून मावशींचा असा एक कप्पा नव्हता. त्यांच्या साड्या नातीच्या कपाटात खालच्या फळीवर, औषधं फ्रिजवर, जपमाळ आणि चष्मा उशीखाली. दर सहा महिन्यांनी सगळं एका हँडबॅगेत. एकदा मला म्हणाल्या, ‘अगं, मी कुठंच अडचण करत नाही बघ.’ अभिमानानं म्हणाल्या. मला मात्र ते वाक्य बरेच दिवस टोचत राहिलं.

पुढं त्यांच्या भाचीनं बाजारातून प्लॅस्टिकचं तीन खणांचं, चाकांचं, कुलपाचं छोटं कपाट आणून दिलं. इटलीचं वगैरे नाही, आपलं साधंच. वरच्या खणात औषधं आणि चष्मा, मधल्यात पोथी, पासबुक आणि फोटो, खालच्यात त्या म्हणतात ते ‘माझं सटरफटर’. सहा महिन्यांनी ते कपाट त्यांच्याबरोबर रिक्षातून दुसऱ्या मुलाकडे जातं. आता नात विचारते, ‘आजी, तुझ्या कपाटात काय आहे?’ आणि मावशी ऐटीत किल्ली काढतात. ‘तुझ्या कपाटात’ हा शब्द त्या घरात पहिल्यांदा ऐकू आला, असं भाची सांगते.

अ‍ॅनाबाईंची ती मूळ उतरंड आता आपल्या खिशाला परवडणारी राहिलेली नाही. ज्या वस्तू लहान घरातल्या साध्या माणसांसाठी निघाल्या त्या आज श्रीमंतांच्या दिवाणखान्यात दिमाखानं मिरवतात. १९७३ साली तेलाचे भाव भडकले आणि प्लॅस्टिक फर्निचरचे ते पहिले स्वस्ताईचे दिवसही सरले. शिवाय प्लॅस्टिकचं पुढं काय होतं हे आपल्या खाम नदीच्या पात्राकडे बघितलं की कळतं. त्यामुळे प्लॅस्टिक घ्या, असं मी मुळीच सांगणार नाही. घेतलं तर अ‍ॅनाबाईंच्या वस्तूसारखं पन्नास वर्षं वापरावं, नाहीतर जुन्या ट्रंका आहेतच की! पॉलिश करून आल्या तर नव्या पोरींना ‘व्हिंटेज’ म्हणून आवडतात.

मला घ्यावीशी वाटते ती त्यामागची समजूत. घर लहान असू शकतं, भाड्याचं असू शकतं, दर सहा महिन्यांनी बदलू शकतं. म्हणून वस्तू अशी हवी की जी माणसाबरोबर वाढेल, माणसाबरोबर जाईल. आणि खाली-वर कितीही खण रचले, तरी प्रत्येकाला स्वतःचं दार हवं.

पुढच्या वेळी घरात फर्निचरचं काम निघेल. तेव्हा मिस्त्री टेप काढतील, ‘हे’ बजेट काढतील, मुलं मोबाइलवर फोटो काढून दाखवतील. त्या गडबडीत फक्त दोन प्रश्न विचारून बघा. या ओट्याला माप कुणाचं? आणि या एवढ्या खणांमध्ये माझा खण कोणता? सासूबाई असतील तर त्यांचाही विचारा. त्या ‘मला काय करायचंय’ म्हणतीलच. तरी एक ठेवा, आणि किल्ली त्यांच्या हातात द्या.